नववीत किती होते, दहावीत किती उरले?

या आठवड्याचं पत्र:

«ताई, नमस्कार. आम्ही घणसोलीत राहतो. मिस्टर महापे एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहेत, महिन्याला बावीस हजार हातात येतात. मी घरी ब्लाउज शिवते. मुलगी खासगी इंग्रजी शाळेत आहे, स्टेट बोर्डच. सातवीत ७१ टक्के मिळाले. यंदा फी, व्हॅन, पुस्तकं धरून ६२ हजार सांगितलेत, मागची थोडी बाकी आहे ती वेगळी. घराजवळ महापालिकेची माध्यमिक शाळा आहे, मराठी माध्यम पण सेमी इंग्रजी. गेटवर दहावीचा निकाल ९६ टक्के असा बॅनर लागलाय. मिस्टर म्हणतात, आठवीला तिथेच घालू. सासूबाई म्हणतात, पोरीचं वाटोळं कराल. शेजारच्या वहिनी म्हणतात, पालिकेचा निकाल नुसता फुगवलेला असतो. आमच्या आताच्या शाळेचा १०० टक्के आहे. ९६ आणि १०० मध्ये एवढा काय फरक असतो? आणि खरं काय ते कसं कळायचं? — एक आई, घणसोली»

नमस्कार.

९६ आणि १०० मधला फरक विचारलात. पन्नास मुलांच्या वर्गात दोन मुलं नापास झाली की ९६ होतात. तेवढाच फरक. ती दोन मुलं वर्षभर तापाने आजारी असतील, बापाबरोबर गावी जाऊन आली असतील, किंवा त्यांना खरंच कुणी शिकवलं नसेल. बॅनर यातलं काही सांगत नाही.

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला तेव्हा राज्याचा आकडा होता ९४.१० टक्के आणि आपल्या मुंबई विभागाचा ९५.८४. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड असा हा विभाग, आणि त्याचं मंडळ तुमच्याजवळच, वाशीला. म्हणजे तुमच्या गेटवरचे ९६ टक्के साधारण विभागाच्या सरासरीइतके आहेत. अभिमानाने फ्लेक्स लावावा असं त्यात फार नाही, पण नाक मुरडावं असंही काही नाही. १०० टक्क्यांचं म्हणाल तर त्याच वर्षी राज्यात सात हजारांहून जास्त शाळांचा निकाल १०० टक्के होता. तुमच्या खासगी शाळेने काही एव्हरेस्ट सर केलेला नाही.

वहिनींचं म्हणणं अर्धं खरं आहे. निकाल फुगतो, पण तो फक्त पालिकेच्या शाळेत फुगत नाही, सगळीकडेच फुगतो. राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ ला धाडकन ७७.१० वर आला. २०२० ला पुन्हा ९५.३०. एका वर्षात पोरं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं थोडंच आहे! २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांसारख्या विषयांतले शाळेच्या हातातले २० गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, त्यांच्यामागून निकालही परत आला. आणि २०२१ ला तर कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के!

तेव्हा बॅनर बाजूला ठेवा. मी एकतीस वर्षं ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवलं, शेवटची काही वर्षं पर्यवेक्षिका होते. शाळा कशी आहे हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारते, आणि तो दहावीचा नाही, नववीचा आहे.

आठवीपर्यंत मुलं पुढे सरकत राहतात. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, पण तिथे पुरवणी संधी असते आणि शाळाही सहसा ताणत नाहीत. खरी चाळण नववीत लागते. दहावीचा निकाल खाली ओढेल असं वाटणारं मूल नववीतच अडवलं की दहावीचा वर्ग कसा स्वच्छ होतो! दुसरा मार्ग सतरा नंबरचा. पालकांना बोलवायचं, चहा द्यायचा आणि म्हणायचं, ‘याला बाहेरून बसवा, वर्ष वाचेल.’ सतरा नंबरचा फॉर्म भरला की मूल खासगी विद्यार्थी होतं आणि शाळेच्या नियमित निकालात त्याची गणती होत नाही. सतरा नंबरची सोय मुळात शाळा सुटलेल्यांसाठी आहे, फार चांगली आहे, कामाला लागलेली कितीतरी मुलंमुली तिच्यामुळे दहावी झाली. पण शाळेत बसलेल्या पोराला बाहेर काढायला ती वापरली जाते तेव्हा काय म्हणायचं?

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याच शाळेचा एका वर्षी १०० टक्के निकाल लागला. त्याआधी नववीच्या अखेरीला अकरा मुलांच्या पालकांना बोलावलं होतं. बोलावणाऱ्यांत मीही होते आणि माझी समजूत अशी की मी त्या मुलांचं भलंच करते आहे. निकालाच्या दिवशी त्यातला एक मुलगा मित्रांचे मार्क बघायला गेटवर आला. शिपाईमामांनी त्यालाही पेढा दिला. त्याने तो खिशात ठेवला, खाल्ला नाही. तेव्हापासून १०० टक्के वाचलं की मी पहिलं विचारते, नववीत किती होते?

तुम्हीही तेच विचारा, दोन्ही शाळांना. समजा आठवीत ८४ मुलं होती, नववीत ८० आणि दहावीला बसली ५८. त्यातली ५६ पास झाली. बॅनरवर ९६ टक्के लागतील आणि ते खोटंही नसेल. पण आठवीतल्या ८४ पैकी दहावी पार केलेली ५६, म्हणजे तीनातली दोनच. याउलट ८४ आले, ८१ बसले आणि ७३ पास झाले, तर बॅनरवर जेमतेम ९० येतील, वहिनी नाक मुरडतील, आणि मी म्हणेन मुलीला डोळे झाकून तिथे घाला.

मात्र कमी झालेलं प्रत्येक मूल शाळेने हाकललेलं असतं असं समजू नका. तुर्भे स्टोअर, दिघा, इलठणपाडा, रबाळे या भागांत बापाचं काम सुटलं की घर उठतं. भाडं परवडेनासं झालं की माणसं मुंब्रा-दिव्याकडे सरकतात, नाहीतर सरळ गाव गाठतात. म्हणून आकडा ऐकल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: ‘गेलेली मुलं कुठे गेली?’ चांगल्या मुख्याध्यापिकेला हे तोंडपाठ असतं. अमकी गावाला, तमका आयटीआयला, हिचं लग्न ठरत होतं ते आम्ही थांबवलं. जिला माहीत नसतं ती म्हणते, ‘पालकांनाच शिक्षणाची आवड नाही.’ हे वाक्य ऐकलंत की सावध व्हा.

आकडे कुणी देत नसेल तर मोबाइलवर मिळतात. प्रत्येक शाळेला अकरा अंकी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीचा क्रमांक असतो, आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या शाळांचा २७२१ ने सुरू होतो. बहुतेक शाळांत तो फाटकाजवळच्या पाटीवर रंगवलेला असतो. युडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं प्रगतिपत्रकच असतं: कुठल्या इयत्तेत किती मुलं, किती मुली, शिक्षक किती, वर्गखोल्या किती. गेल्या तीन वर्षांचं काढा आणि तिरकं वाचा. दोन वर्षांपूर्वीची आठवी, गेल्या वर्षीची नववी, यंदाची दहावी. शिवणाच्या मापाची वही असते ना तुमच्याकडे, तिच्यात तीन आकडे लिहिले की झालं. खासगी शाळेचंही काढा. तिथेही कधी कधी नववीपासून वर्ग आकसतो, पण फी झेपत नाही म्हणून घरचेच मुलांना काढून घेतात. तुम्ही आज तेच करायच्या विचारात आहात.

आता जरा पालिकेच्या बाजूने बोलते. दोन शाळांचे निकाल शेजारी ठेवताना कोण आत आलं हेही बघावं लागतं. खासगी शाळा नर्सरीला आई-बापाचं शिक्षण बघते, फी भरायची ऐपत बघते. पालिकेची शाळा दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला घेते. जूनमध्ये येणाऱ्याला घेते, दिवाळीनंतर वीटभट्टीवरून परतलेल्यालाही घेते. शिवाय खासगी शाळेतली बरीच मुलं संध्याकाळी क्लासला असतात. त्या १०० टक्क्यांत क्लासवाल्या सरांचा वाटा किती, याचा हिशोब कुणी बॅनरवर लावत नाही. पालिकेच्या शाळेतलं पोर बहुधा शाळेत जेवढं शिकतं तेवढ्यावरच पेपर लिहितं. तिथले ९० म्हणजे माझ्या लेखी खणखणीत ९० आहेत.

पण म्हणून मी पालिकेच्या सगळ्याच शाळांची भलामण करणार नाही. त्यांचं खरं दुखणं शिक्षकांचं आहे. गणिताची जागा रिकामी, ऑगस्टमध्ये ठोक मानधनावर कुणी येतं, मार्चमध्ये जातं. कायम शिक्षक असतील तर निवडणुकीच्या यादीला जुंपलेले. वर्ग मात्र भरलेला. म्हणून शाळेत जाल तेव्हा इमारतीची टाइल्स आणि डिजिटल फळा बघून हरखू नका. नवी मुंबई महापालिका १९९२ ची, शहर नवं, पैसा बरा, इमारती दिसायला खासगीपेक्षा सरस निघतील. तुम्ही विचारा: नववी-दहावीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, किती वर्षांपासून, गेल्या वर्षी किती महिने जागा रिकामी होती. जमलं तर त्या शिक्षकांना भेटा. मी गणिताची आहे म्हणून म्हणत नाही, पण एक चांगली गणिताची बाई असेल तर निम्मी शाळा चांगली समजा.

दुसरं, दहावीच्या निकालाचा गोषवारा मागा. प्रत्येक शाळा तो करते, विषयवार. किती जण प्रावीण्यात म्हणजे ७५ च्या वर, किती प्रथम श्रेणीत म्हणजे ६० च्या वर, किती ४५ च्या वर आणि किती नुसते ३५ वर तरंगले. तुमची लेक ७१ टक्क्यांची आहे. ती पास होईल का हा तुमचा प्रश्नच नाही, तिला तिथे वर कोण ओढेल हा आहे. वर्गात साठाच्या वरची पंधरा-वीस मुलं असतील तर तिला जोडीदार मिळतील. गणिताचा रकाना वेगळा बघा. सहा विषयांतले सर्वोत्तम पाच धरून टक्केवारी काढतात, त्यात गणित हळूच लपतं. ८० टक्क्यांच्या मुलाला गणितात ४२ असू शकतात आणि अकरावी सायन्सला गेल्यावर ते बाहेर येतं.

प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगण्यापेक्षा नववीतल्या एखाद्या मुलीला विचारा, ‘शेवटचा प्रयोग कुठला केलास?’ ती आठवत बसली तर कुलपाची किल्ली हरवली आहे असं समजा. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः बघून या. शाळा सकाळच्या अधिवेशनात भरते की दुपारच्या, तेही विचारा. दुपारची असेल तर हिवाळ्यात सुटेपर्यंत अंधारून येतं.

माध्यमाचं मात्र तुम्ही पत्रात जाता जाता उरकलंत, आणि मला तीच मोठी पायरी वाटते. सेमीमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीतच राहील, तिकडे तिला काही जड जाणार नाही, उलट पहिले काही महिने ती वर्गात शहाणी ठरेल. अडेल ती इतिहास-भूगोलाला. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीला अक्षवृत्त म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही. आणि मराठी तिची प्रथम भाषा होईल. नववी-दहावीला इंग्रजी माध्यमातली मुलं सहसा अक्षरभारती वाचतात, तिला कुमारभारती लागेल. व्याकरण जास्त, लेखन जास्त. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. सातवीची मराठी माध्यमाची भूगोल आणि इतिहासाची पुस्तकं काढा आणि शाळा सुरू होईपर्यंत तिच्याकडून रोज दोन पानं मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही शिवत असाल, ती वाचेल. महिन्यात जीभ वळते.

जायचंच असेल तर आठवीतच जा, एक वर्ष थांबून नववीला नको. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा तुमच्या पाठीशी आहे, सरकारी किंवा पालिकेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नववीत तुम्हाला जागा आहे का हे विचारत फिरावं लागेल. शिवाय नववीत माध्यम बदलणं म्हणजे दहावी उंबऱ्यावर असताना घर बदलणं.

आठवीत जाण्याचा आणखी एक फायदा, तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. एनएमएमएस नावाची परीक्षा असते, आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीत द्यायची, आणि ती फक्त सरकारी, पालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना देता येते. विनाअनुदानित खासगी शाळेत राहिली तर तिला बसताच येणार नाही. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मिस्टरांचे बावीस हजार म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार, तुमच्या शिवणाचे धरूनही बहुधा बसाल. सातवीत किमान ५५ टक्के हवेत, तिला ७१ आहेत. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार तिच्या खात्यात, चार वर्षांचे ४८ हजार. दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० गुण, ९० मिनिटं. अर्ज शाळेमार्फत जातो. ठाणे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जून-जुलैत तिथे मरणाची गर्दी असते. आणि शाळेत गेलात की विचारा, गेल्या वर्षी इथली किती मुलं एनएमएमएसला बसली, किती निवडली गेली. शाळेच्या तब्येतीची नाडी म्हणून मला हा प्रश्न दहावीच्या निकालाहून जवळचा वाटतो. जी शाळा शनिवारी थांबून वीस मुलांची तयारी करून घेते, ती बाकीचंही करते.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना घेऊन शाळेत जा, मुलींचा वर्ग दाखवा, एखाद्या बाईंशी बोलू द्या. त्यांचा विरोध शाळेला नसतो, ‘पालिकेची’ या शब्दाला असतो. आणि ६२ हजारांतले निम्मे वाचले तर त्यातून काय करणार हे आधीच ठरवा, नाहीतर ते घरखर्चात कधी विरघळले ते कळणार नाही. खासगी शाळा सोडून लगेच महागड्या क्लासला पैसे भरायचे असतील तर मग शाळा बदलून काय मिळवलं?

माझं मत विचाराल तर पालिकेच्या बाजूला झुकतं आहे. गणिताला कायम शिक्षक असेल आणि तीन वर्षांची तिरकी ओळ फारशी गळलेली नसेल तर बेलाशक घाला. जागा रिकामी असेल आणि ‘येतील कुणीतरी’ असं उत्तर मिळालं तर घणसोली-कोपरखैरणेतली एखादी अनुदानित शाळा बघा. तिथे फी नगण्य आणि एनएमएमएसही चालते. फक्त एकच शाळा बघून निर्णय घेऊ नका.

एक गोष्ट मात्र खटकली. तुमच्या पत्रात मिस्टर बोलतात, सासूबाई बोलतात, वहिनीसुद्धा बोलतात. मुलगी कुठेच बोलत नाही. तेरा वर्षांची आहे ती. तिच्या मैत्रिणी सुटणार, युनिफॉर्म बदलणार, सोसायटीतल्या पोरी ‘शाळा का सोडलीस’ म्हणून विचारणार, आणि त्याचं उत्तर तिला द्यायचं आहे, तुम्हाला नाही. पैसे कमी पडतात हे तिच्यापासून लपवू नका, तिला ते केव्हाच कळलेलं असणार. शाळा बघायला तिलाही न्या, शाळा सुरू झाल्यावर एखादा दिवस वर्गात बसू देतात का ते विचारा.

शाळा सोडल्याच्या दाखल्याची काळजी नको. मागची बाकी आहे म्हणून जुनी शाळा दाखला अडवेल अशी भीती असेल, पण दाखला यायला उशीर झाला या कारणावरून आठवीपर्यंत नवा प्रवेश थांबवता येत नाही. बाकी मात्र हप्ते ठरवून द्या, भांडण वाढवू नका. आणि दाखला हातात आला की तिथेच खिडकीशी उभं राहून मुलीचं नाव, तुमचं नाव, जन्मतारीख आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर लावून तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच उतरतं, आणि नंतर एक वेलांटी बदलायची म्हटलं तरी वाशीला चार हेलपाटे होतात.

— ताई